सव्वा महिन्यानंतरचे दिवस

‘माहेरी बाळंतपण नीट झाले, शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू वेळेवर मिळाले की बाळंतपणानंतरचे नैराश्य येत नाही,’ हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा मला अर्धाच पटतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरणारे रडू वेगळे. प्रसूतिपश्चात नैराश्य मात्र पहिल्या वर्षात केव्हाही डोके वर काढू शकते. माझ्या धाकट्या बहिणीचा सव्वा महिना सोलापुरात आमच्याकडे यथासांग पार पडला. सासरी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात बाळ झोपलेले असतानाही तिला झोप येईना, आणि ‘मी चांगली आई नाही’ हे एकच वाक्य ती फोनवर पुन्हापुन्हा म्हणू लागली. आम्ही त्याला दमणूक समजलो.

डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण त्यातील बिघाडही असाच दिसतो, आणि प्रसूतिपश्चात नैराश्याची लक्षणे चाचपणारी एडिनबरो प्रश्नावली भरून घेतली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत मागील ७ दिवसांविषयी १० प्रश्न आणि एकूण ३० गुण असतात. गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नव्हे, परंतु स्वतःला इजा करण्याच्या विचारासंबंधीच्या दहाव्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ याहून वेगळे आले, तर एकूण गुण कितीही असोत, मदत घ्यायला उशीर करायचा नसतो. आपल्याकडे सोलापुरात पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. तिथे मराठी कागद पुढे करण्यापेक्षा हे प्रश्न घरच्या भाषेत, आणि शक्यतो सासूबाई खोलीत नसताना, विचारावेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून दिवसरात्र चालू असतो.