संघात चार ज्युनियर, पण मैदानावर किती?

खडकीचा फुलबॅक

२०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीग २८ डिसेंबर २०२४ ला राउरकेलात पुन्हा सुरू झाली. त्याआधी आमच्या मैदानावरच्या पोरांना मी संघबांधणीचा नियम समजावून सांगितला होता. एका संघात २४ खेळाडू. त्यातले कमीत कमी १६ भारतीय, त्या सोळांत ४ ज्युनियर असलेच पाहिजेत, आणि ८ परदेशी. पोरांनी लगेच हिशेब केला. आठ संघ, म्हणजे बत्तीस ज्युनियर. "सर, बत्तीस म्हणजे लई झाले की!"

मीही खूश होतो. मग महिनाभर रोज संध्याकाळी सामने बघितले आणि माझं मत पक्कं झालं: हा नियम खुर्च्या मोजतो, मिनिटं मोजत नाही. काही पोरं खेळली, चांगली खेळली. पण शेवटच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत, एका गोलाचा फरक राहिला की कोचचा हात अनुभवी माणसाकडेच जातो. एकोणीस वर्षांचं पोरगं बाहेर बसतं.

सगळ्यात वाईट अवस्था गोलकीपरची. फॉरवर्ड कधीही आत-बाहेर करता येतो, त्याला चार मिनिटं तरी मिळतात. गोलकीपर एकदा उभा राहिला की साधारण साठही मिनिटं तोच. त्या हंगामात सूरमा संघाकडे बेल्जियमचा व्हिन्सेंट व्हॅनाश, तमिळनाडू ड्रॅगन्सकडे आयर्लंडचा डेव्हिड हार्ट, बंगाल टायगर्सकडे नेदरलँड्सचा पिर्मिन ब्लाक. तिघंही जगातले मोठे गोलकीपर, त्याबद्दल शंका नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य घेऊन भारताचा गोलकीपर श्रीजेश निवृत्त झाला. त्याच्या जागेसाठी माणूस शोधायच्या वर्षातच आपल्या लीगचे गोल परदेशी माणसांनी राखावेत, हे मला पटत नाही.

माझी मागणी दोन ओळींची आहे. प्रत्येक क्वार्टरमध्ये निदान एक २१ वर्षांखालचा भारतीय मैदानात हवा. आणि साखळीतल्या दर तीन सामन्यांतल्या एकात भारतीय गोलकीपरने पूर्ण साठ मिनिटं खेळलं पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

ताळेबंद

फुलबॅकसाहेब, तळमळ कळते, पण मला हे साफ नामंजूर आहे.

खेळाडूंच्या लिलावात पुरुषांच्या एका संघाला खर्चाची मर्यादा ४ कोटी होती. सूरमाने हरमनप्रीतसाठी ७८ लाख मोजले. उरले ३ कोटी २२ लाख आणि २३ माणसं, म्हणजे सरासरी चौदा लाख. त्यात पेनल्टी कॉर्नर (फाऊलबद्दल मिळणारी गोलाची संधी) मारणारा हवा, त्याच्यासाठी चेंडू थोपवणारा हवा, मधली फळी हवी, दोन गोलकीपर हवेत. मूळ किंमत दोन लाख असलेला ज्युनियर या हिशेबात आपोआप बसतो, कारण तो स्वस्त आहे. कुठल्या मिनिटाला कोण आत जाईल हेही जर तुम्हीच ठरवणार असाल, तर चार कोटी घालणाऱ्याने काय करायचं?

मालकाची बाजू घेतोय म्हणून रागावू नका. मला लीग मरायची भीती वाटते. प्रीमियर हॉकी लीगमधले आपले मराठा वॉरियर्स आठवतात का? २००८ ला ती लीगच आटोपली. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स होते, मुंबई मरीन्स होते, एक हंगाम आणि खेळ खलास. मग मुंबई मॅजिशियन्स, ते दोन वर्षांत गेले. दबंग मुंबई आले, तेही २०१७ ला लीगबरोबर संपले. नव्या लीगमध्ये यूपी रुद्राज एक हंगाम खेळून बाहेर पडले. आणि आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नाही. मी माझ्या मुलाला मुंबईच्या संघाचा शर्ट घेऊन दिला होता, तो शर्ट लहान व्हायच्या आत संघ नाहीसा झाला.

आधी संघ दहा वर्षं टिकू द्या, लोकांना सामने बघायची सवय लागू द्या. त्यासाठी हॉकी उत्तमच असली पाहिजे. लीग म्हणजे शिकवणी नव्हे.

राहिला श्रीजेश. तो २००६ मध्ये भारतीय संघात आला. त्याच्या पुढे आपल्या मुंबईचा एड्रियन डिसूझा होता, भरत छेत्री होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकलासुद्धा कर्णधार छेत्रीच होता, आणि तोही गोलकीपर. श्रीजेश वर्षानुवर्षं बाहेर बसून शिकला. व्हॅनाशच्या शेजारी पाच आठवडे रोज सकाळी सराव करायला मिळणं ही कुठल्याही पोराची कमाईच आहे.

माणदेशी

मी साताऱ्याकडची आहे, म्हणून महिलांच्या लीगबद्दल लिहिते. २६ जानेवारी २०२५, रांची, पहिल्यावहिल्या महिला लीगची फायनल. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ ने हरवलं आणि वॉरियर्सचे दोन्ही गोल ऋतुजा पिसाळचे, आमच्या साताऱ्याच्या पोरीचे. दुसरा गोल शेवटच्या क्वार्टरमध्ये, १-१ असताना, मोजकीच मिनिटं उरलेली. आमच्या घरात आजीपासून सगळे उभे राहून ओरडत होते.

ताळेबंद म्हणतात निर्णायक वेळी अनुभवी माणूसच हवा. त्या दिवशी परदेशी खेळाडू दोन्ही संघांत होत्या, पण गोल मारायला आपली पोरगी मैदानात होती म्हणून मारला. बाकावर बसून चेंडू जाळ्यात जात नाही.

पण फुलबॅकदादांशीही माझं पूर्ण जुळत नाही. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे या फलटण तालुक्यातल्या मुली क्रीडा प्रबोधिनीतून वर आल्या. शेतकऱ्याच्या घरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी घर सोडून वसतिगृहात राहते, पहाटे उठून मैदानावर जाते, आई-बाप दिवाळीला वाट बघतात. ही सगळी वर्षं राज्याच्या योजनेने आणि तिथल्या प्रशिक्षकांनी सांभाळली. लीग शेवटच्या पायरीवर भेटते. तुम्ही शेवटच्या पायरीवर नियम घालताय, आणि खालच्या पायऱ्यांवर टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) नाही, फिजिओ नाही. शिवाय पुरुषांचे आठ संघ आणि मुलींचे चारच. मिनिटं मोजायची तर आधी ते मोजा.

बोसमधला बाबा

आम्ही नऊ वर्षं नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टेलव्हीनला आहोत. मुलगा इथल्या क्लबात खेळतो, म्हणून इथलं जवळून बघितलेलं सांगतो.

शनिवारी सकाळी एका टर्फचे चार तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर सात-आठ वर्षांची सहा-सहा पोरं. पालक शिट्टी वाजवतात, पालकच संत्री सोलतात. माझ्या मुलाच्या वयोगटाचे क्लबात अनेक संघ आहेत, सगळ्यांत हुशार पोरापासून आमच्यासारख्या साधारण पोरापर्यंत. प्रत्येकाला दर आठवड्याला सामना मिळतो. कुणी बाहेर बसून वाढत नाही, कारण बाहेर बसवायची गरजच पडत नाही. सतरा-अठराचा झाला आणि चमकला, की त्याच क्लबाच्या पहिल्या संघात. त्याच मैदानावर, त्याच कँटीनसमोर.

इथे ज्युनियरसाठी सक्ती नाही, तरी तो खेळतो. कारण क्लबाला २४ माणसं विकत घ्यायला पैसे नसतात, घरचीच वाढवावी लागतात. सगळ्यात वरच्या गटात खेळणारे बरेच खेळाडू कॉलेजात शिकतात किंवा नोकरी करतात. आणि मोसम सप्टेंबरला सुरू होऊन मधली थंडी सोडली तर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. आपली लीग २०२४-२५ ला पाच आठवड्यांची होती. पाच आठवड्यांत मिनिटांसाठी भांडताय, पण उरलेल्या सत्तेचाळीस आठवड्यांत तो पोरगा कुणाविरुद्ध खेळतो? मला वाटतं प्रश्न तो आहे.

खडकीचा फुलबॅक

बाबा, तो कुणाविरुद्ध खेळतो ते सांगतो.

माझ्याकडे एक गोलकीपर आहे, सोळा वर्षांचा. वडील रिक्षा चालवतात. त्याचे पॅड तीन पोरांनी वापरून मग त्याच्याकडे आलेत, आतला फोम बसलाय. पायाने अडवलेला चेंडू ज्या कोनात उडायला हवा त्या कोनात उडत नाही, समोर फॉरवर्डच्या काठीवरच पडतो. ही चूक पोराची नाही, फोमची आहे, पण निवड चाचणीत हे कोण बघतं? एका चाचणीला आम्ही पहाटे निघून पोचलो. दिवसभर उन्हात उभं केलं आणि संध्याकाळी त्याच्यावर मोजून चार चेंडू मारले. चार. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, कळवतो. पोरगं परतीच्या गाडीत एक शब्द बोललं नाही.

आम्ही सराव मुरमावर करतो. मुरमावर चेंडू खडा लागून उडतो म्हणून पोरं आपोआप काठी उभी धरायला शिकतात. टर्फवर पाणी मारलेलं असतं, चेंडू सरपटत येतो, तिथे गुडघे मोडून काठी जवळजवळ आडवी टाकावी लागते. आठवड्यातून एकदा टर्फ मिळालं तर पहिला अर्धा तास जुनी सवय मोडण्यातच जातो. धनराज पिल्ले याच खडकीतून, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून, मोडक्या काठ्या बांधून खेळत वर आला. त्या गोष्टीचा मला अभिमान आहे, पण ती ऐकून आपण समाधान मानत बसतो याचा त्रासही होतो. त्याच्या वेळी जे होतं तेच आजही का असावं?

म्हणून माणदेशीताईंचं खरं आहे, खालच्या पायऱ्या मोडक्या आहेत. पण एवढ्या पायऱ्या चढून जो वर पोचला त्यालाही दाराशी बसवायचं?

आणि ताळेबंद, श्रीजेश नुसता बसून नव्हता. २००८ च्या ज्युनियर आशिया चषकात तो सर्वोत्तम गोलकीपर ठरला. सीनियर संघात थांबत होता, पण खाली खेळत होता. मी खेळण्याबद्दलच बोलतोय.

डीच्या टोकावरून

मला हरमनप्रीतचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. जुन्या लीगमध्ये तो आपल्या दबंग मुंबईकडून खेळला. तेव्हा विशीतला पोरगा होता. डिसेंबर २०१६ ला लखनऊत ज्युनियर विश्वचषक जिंकला त्या संघात तो होता, आणि पुढच्याच महिन्यात लीगमध्ये जगभरच्या सीनियर माणसांसमोर. २०१७ ला दबंग मुंबई अंतिम सामन्यात पोचली, कलिंगा लान्सर्सकडून ४-१ हरली. त्यानंतर टोकियोचं कांस्य, आणि पॅरिसला कर्णधार म्हणून स्पर्धेत सर्वाधिक दहा गोल.

ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर काठीने चेंडू ओढत उचलून मारायचा फटका, एकट्याने शेकडो वेळा मारून बसते हे खरं. पण समोरून चार माणसं अंगावर धावत येताना, चेंडू थोपवणाऱ्याच्या हातून इंचभर चुकलेला असताना मारायला शिकायचं तर सामनाच लागतो. लखनऊच्या त्या संघातली बरीच पोरं पुढे टोकियोला गेली. मला त्यात जुन्या लीगचा मोठा वाटा दिसतो.

ताळेबंद

हरमनप्रीतचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! त्याला खेळवा असं कुठल्या नियमाने सांगितलं नव्हतं. संघाला पेनल्टी कॉर्नर मारणारा हवा होता, तो मारत होता, म्हणून खेळला. १ फेब्रुवारी २०२५ ची फायनल बघा. बंगाल टायगर्सच्या चार गोलांपैकी तीन जुगराजचे, समोर हैदराबादकडून कॉर्नर मारायला जर्मनीचा गोन्झालो पेयाट. जुगराज भारतीय आहे म्हणून कुणी कॉर्नर दिला नाही त्याला. ४-३ असा सामना लोकांनी श्वास रोखून बघितला. त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये 'आता एक ज्युनियर आत पाठवा' असं पंच सांगू लागला तर त्या पोराचंच वाईट होईल. नियमाने आत गेलेला म्हणून त्याच्याकडे पास कुणी देणार नाही, आणि चूक झाली तर सगळा देश त्याचं नाव घेईल. एकोणीस वर्षांच्या पोरावर ते ओझं मला नको.

चाचणीचं वाचून वाईट वाटलं. चार चेंडूंवर गोलकीपर ठरवणं हा अन्याय आहे, त्यात दुमत नाही.

खडकीचा फुलबॅक

ओझ्याचा मुद्दा मला रात्रभर पुरला. माझ्याच पोरांपैकी एकाला मी एकदा तयारी नसताना सीनियर सामन्यात उतरवलं होतं. त्यानंतर दोन महिने तो चेंडू मागायलाच घाबरत होता. म्हणून क्वार्टरचा नियम मी मागे घेतो. फॉरवर्ड, हाफ, फुलबॅक यांना आत-बाहेर करताना संधी काढता येते, कोचवर सोडा.

गोलकीपरचं मात्र सोडत नाही. तिथे एकच जागा आहे आणि ती भरलेली आहे. दर तीन साखळी सामन्यांत एक भारतीय गोलकीपर. फायनलला, उपांत्य फेरीला खुशाल व्हॅनाश उभा करा.

ताळेबंद

दर तीनात एक हे मलाही जास्त वाटतं. साखळीतले शेवटचे दोन सामने म्हणाल तर विचार करता येईल, पण तेव्हाच उपांत्य फेरीची गणितं अडकलेली असतात. मालक तयार होणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही झालो नसतो.

बोसमधला बाबा

चर्चा चालू द्या. फुलबॅकदादा, इथे पोरं वाढली की क्लबात किटची अदलाबदल होते, पॅड चांगल्या स्थितीत असतात. मी मे महिन्यात पुण्याला येतोय. त्या मुलाची मापं कळवा, पॅड आणि किकर (बुटांवरचं संरक्षक कवच) दोन्ही बघतो.

खडकीचा फुलबॅक

उंची पाच फूट सात, बूट आठ नंबरचा. गेल्या वर्षभरात तीन इंच वाढलाय आणि अजून वाढतोय, तेव्हा एक माप मोठंच बघा. डाव्या पॅडचे पट्टे तेवढे नीट तपासून घ्या, त्याचा डावा पाय आधी पडतो.