मदत हवी आहे : ४के चित्र आणि अ‍ॅटमॉस ध्वनी एकत्र मिळत नाहीत

माझ्याकडे २०१८ साली घेतलेला ४के टीव्ही, डॉल्बी अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येतो असा त्रिमितीय ध्वनी) देणारा २०१४ सालचा रिसीव्हर (स्पीकरना ध्वनी पुरवणारे उपकरण) आणि नवी स्ट्रीमिंग स्टिक आहे. स्टिक रिसीव्हरमार्गे जोडली की ओटीटीवरचे चित्र १०८०पीवर अडकते, तर थेट टीव्हीला जोडल्यास ४के दिसते. त्यामुळे सदस्यत्व, केबल आणि इंटरनेटचा वेग यांबद्दल शंका उरत नाही. संरक्षित ४के चित्रासाठी साखळीतील प्रत्येक उपकरणात एचडीसीपी २.२ (आशयाची नक्कल रोखणारी संरक्षण पद्धत) असावे लागते आणि माझ्या रिसीव्हरमध्ये ते नाही, हे माहितीपत्रक वाचून पडताळले आहे.

म्हणून स्टिक टीव्हीला जोडून ध्वनी एआरसीने (टीव्हीचा ध्वनी एचडीएमआय केबलमधूनच उलट दिशेने नेणारी सोय) रिसीव्हरकडे पाठवला. ओटीटीवरील अ‍ॅटमॉस सहसा डॉल्बी डिजिटल प्लसमधून (डॉल्बी डिजिटलचे सुधारित रूप) येतो आणि तो साध्या एआरसीवरूनही जाऊ शकतो, ईएआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती) लागतेच असे नाही. तरीही रिसीव्हरवर केवळ ‘डॉल्बी डिजिटल’ अशी अक्षरे उमटतात. टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून मात्र अ‍ॅटमॉस व्यवस्थित मिळतो, पण ती अ‍ॅप इतकी मंद आहेत की वापरण्याची इच्छा राहत नाही. टीव्हीत ‘पासथ्रू’ (ध्वनी न बदलता पुढे पाठवणे) आणि स्टिकमध्ये डॉल्बी डिजिटल प्लस निवडून पाहिले, फर्मवेअरही अद्ययावत केले.

नवा रिसीव्हर घेणे सध्या शक्य नाही आणि आशयाचे संरक्षण तोडणारे उपकरण मला नको आहे. अशा स्थितीत स्टिक आणि टीव्ही यांच्यामध्ये एचडीसीपी २.२ असलेला एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर (चित्र पुढे पाठवून ध्वनी वेगळा काढून देणारे उपकरण) लावून जुन्या रिसीव्हरपर्यंत अ‍ॅटमॉस पोहोचल्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का, आणि असल्यास एक्स्ट्रॅक्टरमध्ये नेमकी कोणती सेटिंग ठेवावी लागली?