नायट्रेट सापडलं म्हणजे गोळी झाडली?

संशयिताच्या हातावर नायट्रेट सापडलं म्हणजे गोळी त्यानेच झाडली, असा एक दावा वाचला. ते पटलं नाही. नायट्रेट खतात असतं, तंबाखूतही असतं. हातावर वितळलेलं मेण लावून नायट्रेट शोधणारी जुनी पॅराफिन चाचणी त्यामुळेच मागे पडली. आता शोधतात ते प्रायमरचे (काडतुसातली दारू पेटवणाऱ्या मिश्रणाचे) कण: शिसं, बेरियम, अँटिमनी तिन्ही एकाच कणात, आणि कण वितळून गोठल्यासारखा गोलसर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार दिसतो, क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं कळतात. (गाडीच्या ब्रेकच्या धुळीतही बेरियम-अँटिमनी सापडतं, म्हणून आकारही बघावा लागतो.) शिसेविरहित प्रायमर असेल तर हे त्रिकूट मिळतच नाही. शिवाय हे कण नुसत्या हस्तांदोलनानेही दुसऱ्याच्या हातावर जातात, आणि गोळी झाडणाऱ्याने हात धुतले की त्याच्या हातावरचे बरेचसे निघूनही जातात.