शिरीषदादाने आज रात्रीच निघावं की नाही? (फॅमिली ग्रुप)

मेधा (मेलबर्न): शिरीषदादा, फोन का उचलत नाहीस? उद्या तुमच्या भागाला वणव्याच्या धोक्याचं सगळ्यात वरचं, 'कॅटस्ट्रॉफिक' रेटिंग लागलंय. आज रात्रीच आमच्याकडे या.

शिरीष: पाहिलंय. आमच्या डँडेनाँगच्या डोंगरात अजून कुठेच आग नाही. ॲपवर वॉर्निंग आली की निघू.

अण्णाकाका: सरकारने सांगितल्याशिवाय घर सोडू नये. मागे चोऱ्या होतात.

मेधा: काका, रेटिंग म्हणजेच सरकारने सांगितलेलं आहे.

मकरंद: दादा, आधी मामीचं लोणचं गाडीत ठेव 😄

नीलूमामी: मकरंद, चेष्टेची वेळ आहे का ही?

रेवती: दादा, ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नजवळच्या किंगलेक गावासाठीची वॉर्निंग वेळेत निघालीच नाही. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं गेली, निम्म्याहून जास्त घरातच.

शिरीष: ते तेव्हाचं. आता फोनवर मेसेज येतो.

रेवती: आणि टॉवर बंद पडला तर? ॲपवर वॉर्निंगचा त्रिकोण आधी पिवळा, मग केशरी, मग लाल, असा क्रम आग पाळत नाही. पहिलाच त्रिकोण लाल आला आणि खाली 'आता निघायला उशीर झाला' असेल तर काय करशील? धुरात त्या वळणांवर एक झाड आडवं पडलं की रस्ता बंद.

अण्णाकाका: छतावर पाणी मारत राहायचं. टाकी आहे ना? सरकारने सांगितल्याशिवाय घर सोडू नये.

शिरीष: टाकी आहे, पंप आहे. छताच्या पन्हाळीतली निलगिरीची पानंही काढलीत.

मेधा: पंप विजेवर चालतो, दादा! दुपारी उत्तरेचा वारा, मग एकदम नैऋत्येचा. आगीची लांबलचक बाजूच मग तोंड होऊन पुढे येते. २००९ ला हेच झालं. ठिणग्या तर आगीच्या कितीतरी पुढे उडतात.

रेवती: सीएफएच्या (इथल्या अग्निशमन दलाच्या) गाड्या प्रत्येक दाराशी नाही पोचू शकत. तू थांबलास तर तुला काढायला आमच्यासारखा कुणीतरी स्वयंसेवक जीव धोक्यात घालून वर येणार. त्याचा विचार कर.

सुधावहिनी: खरं कारण मी सांगते. चिंचवडच्या फ्लॅटचं झाल्यापासून ह्यांना मेधाकडे राहायला नको वाटतं.

शिरीष: सुधा, इथे कशाला?

नीलूमामी: फ्लॅटच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत. आता आमच्यावर ढकलू नका.

मेधा: मामी, तुमचं नाव कुणी घेतलं? फ्लॅटचं नंतर भांडू. दादा, तुझ्या पाया पडते, निघ.

अण्णाकाका: विषय भरकटतोय. माझं म्हणणं एवढंच, सरकारने सांगितल्याशिवाय

रेवती: काका, तिथे सहसा पोलीस मालकाला त्याच्या घरातून ओढून काढत नाहीत. ते सावध करतात, निघायचं आपणच ठरवायचं असतं.

शिरीष: मेधा, कुत्री चालेल का? मागच्या वेळी तुझा सोफा...

मेधा: आण रे तिलाही! काकूची औषधं, पासपोर्ट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, लोकरीची ब्लँकेटं घे. वाटेत पेट्रोल भर. जेवायला थांबतोय.

सुधावहिनी: बॅगा गाडीत टाकल्यात. शेजारच्या आजी एकट्याच आहेत, त्यांनाही आणतोय.

मेधा: आणा. वरची खोली रिकामी आहे.

अण्णाकाका: कुलूप नीट लावा.