मदत हवी आहे: कॉलनीतल्या रस्त्यावर ताशी ३० ची मर्यादा कशी लावून घ्यायची?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकरोडला राहतो. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला दुचाक्या आणि टेम्पो आमच्या कॉलनीतून सुसाट जातात. गेल्या मंगळवारी शेजारच्या आजी दूध घेऊन येत होत्या, एका बाइकचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. आजी थोडक्यात वाचल्या, पण पिशवी फुटून रस्ताभर दूध. तेव्हापासून त्या एकट्या खाली उतरत नाहीत. फार वाईट वाटतं हो.

थोडं वाचलं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीत कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किमी अशी कमाल मर्यादा आहे. शाळकरी पोरं सायकल चालवतात तिथे ६०! मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी ती कमी करू शकतो, त्यासाठी अधिसूचना आणि फलक दोन्ही लागतात.

सोसायटीतले काहीजण म्हणतात, सिमेंट ओतून आपणच गतिरोधक करू. मला ते पटत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. घरगुती उंचवट्यावर रात्री कुणीतरी आपटायचं.

तुमच्यापैकी कुणी अशी मर्यादा लावून घेतली आहे का? अर्ज आधी वाहतूक शाखेत द्यायचा की पालिकेत? सह्या किती घरांच्या घेतल्यात? अर्जाचा नमुना असेल तर कृपया टाका. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, त्याआधी मिळाला तर फार बरं होईल.