अनुभव धागा: स्काऊट-गाईड तुमच्या हाती काय देऊन गेलं?

शिट्टीवाला (धागाकर्ता)

मुंबईतल्या मराठी शाळांत शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. हायस्कुलात गेलं की स्काऊट-गाईड, आरएसपी (रोड सेफ्टी पॅट्रोल), एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोअर) यांपैकी कशात तरी नाव घालावं लागायचं. आरएसपीवाल्यांना चौकात गाड्या अडवायला मिळायच्या, त्यामुळे त्यांचा रुबाब काही औरच. एमसीसीवाले बूट आपटत फिरायचे. आणि आम्ही स्काऊटवाले बाकाच्या पायाला क्लोव्ह हिचची गाठ मारत बसलेलो.

भाचीच्या शाळेत यंदा गाईड सुरू झालंय आणि घरात वाद पेटलाय. भावजी म्हणतात, त्यापेक्षा कोडिंगचा क्लास लावू. ताई म्हणते, निदान चार पोरींबरोबर बाहेर तरी पडेल. मला विचाराल तर खरी गंमत गाठींत नव्हती, संघात होती. सहा-आठ पोरं, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि मोठी माणसं हाकेच्या अंतरावर पण लांब. वर्गातला मॉनिटर हा बाईंचा माणूस असतो, संघनायक आमचा होता. तंबूची खुंटी रात्री उपटली तर सर उठून येत नसत, त्यांचं घोरणं तेवढं ऐकू यायचं. आमचं आम्हीच निस्तरायचं.

असो, हे माझं मत. तुमचे अनुभव लिहा. गोडच लिहायला हवेत असं काही नाही.

रुळालगत

आम्ही माटुंग्याच्या रेल्वे कॉलनीतले. बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या रचनेत रेल्वेचे झोन एकेका राज्यासारखे धरले जातात. त्यामुळे आमचं पथक शाळेचं नाही, मध्य रेल्वेचं.

मे महिन्यात कल्याणला पाणी वाटायला जायचो. मेल-एक्सप्रेस दोन-तीन मिनिटं थांबणार, जनरलच्या डब्यात माणसं कोंबलेली, खाली उतरायची सोय नाही. खिडकीच्या गजांतून बाटल्या बाहेर यायच्या. त्याचं एक तंत्र होतं. एकाने फक्त रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या नाहीत, त्यात वेळ जातो आणि कुणाची बाटली कुणाला हे कळत नाही. बाटली माणसाच्या हातातच राहू द्यायची, आपण लांब चोचीच्या झारीने तिथल्या तिथे ओतायचं, आणि मागे दुसऱ्याने भरलेली झारी घेऊन तयार राहायचं. झारी अर्ध्यावर आली की लगेच अदलाबदल. गाडी हलली की हात मागे, मग कोणी कितीही ओरडो. हा शेवटचा नियम संघनायक रोज सकाळी सगळ्यांकडून वदवून घ्यायचा. तो स्वतः नववीत होता.

पुढे रेल्वेत लागलो तेही स्काऊट कोट्यातून. रेल्वेभरतीत असा कोटा असतो. घरचे आजही म्हणतात की दोरीच्या गाठींनी याला नोकरी दिली.

निवृत्त_मास्तर

धागा छान. मी वुड बॅज, म्हणजे स्काऊट शिक्षकांचं प्रशिक्षण, केलेला माणूस, तेव्हा थोडा इतिहास सांगायचा हक्क बजावतो.

स्काऊटचा जनक बेडन-पॉवेल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात मॅफेकिंग २१७ दिवस वेढ्यात होतं, तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांनी निरोप पोचवणं, टेहळणी, दवाखान्यातली मदत अशी कामं केली. ती पोरांची तुकडी त्याने स्वतः उभारलेली नव्हती, पण त्याच्या डोक्यात ती घर करून राहिली. ऑगस्ट १९०७ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर विसेक मुलं नेली आणि त्यांचे चार संघ पाडले. जानेवारी १९०८ पासून त्याचं पुस्तक दर पंधरा दिवसांनी, असे सहा भाग येऊन निघालं. आणि मग जे झालं ते त्याच्याही कल्पनेबाहेरचं होतं. संस्था नाही, कार्यालय नाही, पण ठिकठिकाणच्या पोरांनी ते भाग वाचून आपापले संघ काढले आणि मग एखादा मोठा माणूस शोधला. धागाकर्ते संघाबद्दल म्हणतात ते म्हणूनच मला पटतं. चळवळ खालून वर आली, नियम मागाहून आले.

आपल्याकडे १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी, म्हणजे भारतीय, मुलांना दार बंद. १९१३ च्या सुमारास मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी काम सुरू केलं. हे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९१६ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली, १९१८ मध्ये अलाहाबादला मालवीयजी, कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. ‘आम्हाला घेत नाही? ठीक आहे, आमचं आम्ही काढतो’ असा सगळा प्रकार. एकत्र यायला ७ नोव्हेंबर १९५० उजाडला. गाईड्स त्यात आल्या १५ ऑगस्ट १९५१ ला.

चाळकरी

मास्तर, इतिहास वाचून बरं वाटलं. आता आमचा भूगोल ऐका. गिरणगाव, संप चालू. वडील घरी. वर्गशिक्षकांनी सांगितलं, सोमवारपर्यंत खाकी गणवेश, पट्टा, टोपी, स्कार्फ, नाहीतर मैदानाबाहेर. आईने वडिलांची जुनी पँट कापून हाफपँट शिवली, रंग जवळपास जुळला. पट्टा नव्हता. मग बिनपट्ट्याची आम्ही पाच-सहा पोरं दर शनिवारी कठड्यावर बसून बाकीच्यांची परेड बघायचो. पीटीच्या सरांना आम्ही दिसू नये म्हणून नंतर नंतर मैदानातले कागद वेचायला लावायचे.

सेवा वगैरे ठीक आहे हो. पण ज्याच्याकडे पट्टा नाही त्याने सेवा करायची नाही का?

निवृत्त_मास्तर

चाळकरी, तुमच्या शिक्षकांच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही. उलट तुमच्या बाजूने एक पुरावा देतो. ब्राऊनसीवर काही मुलं ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली होती आणि काही पूल-बोर्नमथच्या कामगार वस्तीतली. मुद्दाम एकत्र नेली होती. आणि त्या मुलांना गणवेश नव्हताच! घरचेच कपडे, वर एक खाकी स्कार्फ आणि छातीवर पितळी बिल्ला. एवढ्यावर भागलं.

चाळकरी

मग स्कार्फ माझ्याकडेही होता, मास्तर. आईच्या साडीचा.

निळी_फीत

चाळकरीदादा, खूप आतून लिहिलंत.

मी गाईड. आमच्या संघांना फुलांची नावं, मुलांच्या संघांना वाघ-गरुड. यावर तेव्हाही चिडायचो. मास्तरांनी मुलींचं राहूनच गेलं म्हणून मी भर घालते. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली आपणहून हजर झाल्या. आम्हालाही घ्या! त्यातून १९१० मध्ये गाईड्स निघाल्या, जबाबदारी दिली बेडन-पॉवेलच्या बहिणीकडे, अ‍ॅग्नेसकडे. म्हणजे बोलावणं नव्हतंच, मुली घुसल्या. आमच्या बाई हा प्रसंग असा रंगवून सांगायच्या की आम्हाला वाटायचं त्या स्वतः तिथे होत्या.

आता कामाची गोष्ट. दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत एक शाळकरी मुलगी जिन्यावरून पडली. मनगटाच्या वर हात वाकडा दिसत होता. भोवती माणसं जमली, कोणी पाणी देतंय, कोणी हात ओढून ‘सरळ करतो’ म्हणतंय. त्या गृहस्थांना आधी थांबवलं. ओढणी तिरकी दुमडून त्रिकोण केला. लांब बाजू पोटाशी उभी, एक टोक न दुखावलेल्या खांद्यावर, त्रिकोणाचा कोपरा दुखऱ्या कोपराच्या दिशेने, खालचं टोक हातावरून वर घेतलं आणि गाठ मारली ती मानेच्या मागे नाही, गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात. रीफ नॉट. ती सपाट बसते, टोचत नाही, आणि डॉक्टरला सोडवायला सोपी. हात किंचित वर, बोटं उघडी, म्हणजे रंग बदलतोय का ते दिसतं. मी गाईड सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण हात आपोआप चालले. शाळेत आमच्या बाई डोळ्यांना पट्टी बांधून गाठी मारायला लावायच्या. तेव्हा वाटायचं, बाईंना दुसरा उद्योग नाही.

आणि हो, मुंबईतल्या मुलींना पुण्याची सहल म्हणजे शनिवारवाडा नव्हे, आळंदी रस्त्यावरचं ‘संगम’. १९६६ मध्ये सुरू झालेलं हे गाईड्सचं जागतिक केंद्र. अशी जगात पाचच आहेत. तिथे परदेशी मुलींना पोळ्या लाटायला शिकवताना आमचं इंग्रजी जे काही सुटलं!

गिरगावातला_गरुड

आमच्याकडे रान कुठलं? खोजचिन्हांचा खेळ आम्ही वाड्यांमधून खेळायचो. एक संघ पुढे जाऊन खडूने बाण काढणार, फुली म्हणजे ‘इकडे नाही’, दुसऱ्या संघाने माग काढायचा. वाडीतली इतर पोरं मुद्दाम बाण उलटे करायची, त्यामुळे एकदा आमचा आख्खा संघ कुणाच्या तरी साखरपुड्यात पोचला. पन्हं मिळालं.

शेवटचं चिन्ह असायचं वर्तुळ आणि मधोमध टिंब, ‘मी घरी गेलो’. बेडन-पॉवेल १९४१ मध्ये केनियात वारला, न्येरीला त्याची कबर आहे, तिच्या दगडावर हेच चिन्ह कोरलंय.

नाना_विवेकी

मला स्काऊट होताना घ्यायच्या वचनाबद्दल विचारायचंय. ‘ईश्वर आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य’ असं म्हणावं लागतं ना? मी देव मानत नाही, मुलगाही मानत नाही. आणि मूळ वचनात तर राजा होता! साम्राज्याच्या फौजेसाठी पोरं घडवायचा हा कारखाना, असं माझ्या वडिलांचं म्हणणं.

निवृत्त_मास्तर

नाना, राजा होता हे खरं, आणि राष्ट्रीय विचारांच्या लोकांचा त्यावरच राग होता. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल दिल्लीच्या जांबोरीला, म्हणजे स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्याला, येऊन गेला, त्यानंतर त्याच्या हिंदी लोकांविषयीच्या शेऱ्यांवरून वातावरण तापलं आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी उभी राहिली. वडील अगदीच चुकीचे नव्हते. पण याच साच्यातून मालवीयजींच्या सेवा समितीची पोरं यात्रेच्या गर्दीत सेवेला उभी राहिली. साचा कुणी कशासाठी वापरला ते बघायला हवं.

ईश्वराचं म्हणाल तर वचनात त्याऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. तुमचं समाधान होईल का ते माहीत नाही.

नाना_विवेकी

अर्धं झालं.

मंडपवाला

मी आठवीनंतर शिकलो नाही, मंडप बांधतो. पावसाळ्याआधी ताडपत्र्यांची कामं, मग गणपती. माझ्याकडे नवीन पोरगा आला की आधी दोन बांबू देतो, चौकोनी बांधणी कर म्हणतो. सुरुवात क्लोव्ह हिचने, मग फेरे, मग दोन बांबूंच्या मधून आवळणी, शेवट पुन्हा क्लोव्ह हिच. आवळणी विसरला तर बांबू सरकणार, मग तुम्ही फेरे कितीही मारा. हे मला इंजिनिअरने नाही शिकवलं, कॅम्पात कर्जतजवळ चपला ठेवायची घडवंची करताना शिकलो. त्याच कॅम्पात बिनभांड्याचा स्वयंपाक होता. काठीला कणीक गुंडाळून भाजली, बाहेरून कोळसा आतून कच्ची. सगळ्यांनी खाल्ली.

जोगेश्वरीची_आई

हल्लीचं सांगू का? मुलाच्या शाळेत ‘खरी कमाई’ आली. पोरांनी स्वतः कष्ट करून चार पैसे कमवायचे, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप आला की प्रत्येकाने अमुक रुपये पाठवा. आम्ही तीन आयांनी ठरवलं, पैसे नाही पाठवायचे. पोरांनी सोसायटीत शनिवारी-रविवारी सायकली धुतल्या. दोन काका फुकटात धुऊन घ्यायला बघत होते, माझ्या मुलाने त्यांना ठणकावून दर सांगितला. घरी मात्र स्वतःचा डबा धुवत नाही.

आता प्रश्न: धाकटी सहा वर्षांची आहे. तिला कुठे घालता येईल? आणि दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून फॉर्म भरणाऱ्यांच्या गर्दीत चांगलं पथक ओळखायचं कसं?

शिट्टीवाला (धागाकर्ता)

ताई, सहाव्या वर्षी बुलबुल, म्हणजे लहान मुलींचा गट (मुलांचा तो कब). दहापर्यंत कब-बुलबुल, त्यापुढे स्काऊट-गाईड, मग पंचविशीपर्यंत मोठ्यांचे रोव्हर-रेंजर. शाळेत नसेल तर शाळेबाहेरचीही पथकं असतात, शिवाजी पार्कच्या स्काऊट हॉलवर चौकशी करा. चांगलं कसं ओळखायचं ते मास्तर सांगतील.

निवृत्त_मास्तर

शिक्षकांना बिल्ले आणि बक्षिसं किती, हे विचारू नका, सगळे भिंतच दाखवतात. तीनच गोष्टी विचारा. सभा मैदानात होते की वर्गात? संघनायक कोण निवडतं? आणि मागच्या शिबिरात स्वयंपाक कुणी केला? केटरर म्हणाले, तर दुसरं पथक बघा.