मदत हवी आहे: तळ्यातल्या माशांना शिसं बाधलंय का, कसं तपासायचं?

नमस्कार. लांजा तालुक्यात आमच्या वाडीखाली देवळाला लागून जांभ्याने बांधलेलं जुनं तळं आहे. गणपती तिथेच विसर्जन होतात, गुरं तिथेच पाणी पितात, पोरं गरी टाकून मरळ नि रोहू धरतात. तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला रस्त्यालगत एक भंगाराचा अड्डा सुरू झाला. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या तिथे फोडतात, शिसं काढून घेतात आणि आतलं ॲसिड वहाळात ओततात. तो वहाळ थेट आमच्या तळ्यात येतो.

यंदा मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी मासे वर आले. बरेच मेले. जिवंत होते त्यांच्या कल्ल्यांवर शेंबडासारखा पांढरट थर होता, तोंड उघडून पाण्यावर येत होते. पहाटेच नाही, भर दुपारीसुद्धा. पाठीचा कणा वाकडा असलेली पिल्लं तर गेल्या वर्षापासून सापडतायत.

पाणी तपासून आणलं. अहवालात जंतू, क्षार, सामू (म्हणजे पीएच) एवढंच आहे (सामू ५.४). शिशाचा रकानाच नाही! माझी धाकटी जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे आणि सासूबाई मायेने तिला मरळीच्या डोक्याचं सार देतात. मला रात्री झोप लागत नाही. नेमकं काय तपासायला सांगू? पाणी उकळून, तुरटी फिरवून काही उपयोग होईल का?

प्रतिसाद
ताई, आधी ते सार बंद करा. शिसं शरीरात कॅल्शियमच्या वाटेने जातं, म्हणून माशाच्या मांसापेक्षा काटे, डोकं, कल्ले, काळीज (यकृत) यांत जास्त साठतं. आईच्या रक्तातून ते बाळापर्यंतही पोचतं. उकळून धातू जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तुरटीच्या भरवशावरही राहू नका.

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलोय, त्यामुळे तुमच्या अहवालात मला सामूच खटकतो. आम्लधर्मी पाण्यात शिसं विरघळलेलं राहतं, आणि आपल्या जांभ्यावरच्या मऊ पाण्यात कल्ल्यांना आधार देईल एवढं कॅल्शियम नसतं. फक्त मरळीवरून अंदाज बांधू नका, ती एरवीही वर येऊन हवा घेते. पहाटे पाण्यात प्राणवायू कमी असतो, पण रोहू भर दुपारीही वर येत असेल तर ते गंभीर आहे.

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पण नुसतं पाणी दिलंत तर अहवाल चांगलाही येईल, कारण बराचसा धातू गाळात बसतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून नायट्रिक ॲसिड घातलेली प्लास्टिकची बाटली मागून घ्या. गाळ वेगळा द्या. मासे बर्फात न्या. मांस, काळीज, कल्ले वेगवेगळे तपासायला सांगा. अर्जात शिसं, आणि बॅटरीच्या शिशात मिसळलेले अँटिमनी, आर्सेनिक अशी नावं लिहा. जाऊबाईंच्या आणि पोरांच्या रक्तातलं शिसंही डॉक्टरांना सांगून तपासून घ्या. शिवाय बॅटऱ्या अशा उघड्यावर फोडणं २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत बसत नाही. फोटोंसकट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

प्रतिसाद
पाण्यावर तांबूस, तेलकट साय दिसली तर तिला काठी लावून बघा. काचेसारखी तुटली तर ती लोहाची, आपल्याकडे असतेच. तुटून परत जुळली तर तेल.

धागाकर्ती
दादा, खूप आभार. जावेचा मासा आजपासून बंद. पोरांनाही गरी टाकू नका म्हणून सांगितलंय. उद्या गाळाचा नमुना काढते. वहाळ मिळतो तिथला घेऊ की विसर्जनाच्या पायऱ्यांजवळचा?

प्रतिसाद
दोन्ही घ्या, पण वेगवेगळ्या पिशव्यांत. मूर्तींच्या रंगातही शिसं असू शकतं. आणि तिसरा अड्ड्याच्या वरच्या बाजूचा, वहाळ अजून स्वच्छ आहे तिथला. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय अड्ड्यावर बोट ठेवता येणार नाही.